कार्बन चक्राची प्रतिमाने : भौतिकशास्त्र व मशीन लर्निंग यांचा मेळ
(चंदगड तालुक्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकास वसलेला चंदगड तालुका एका बाजूने सिंधुदुर्गास व दुसऱ्या बाजूने बेळगाव जिल्ह्यास भिडलेला आहे. पारगड-तिलारीकडे सह्याद्रीचा कडा, दाट जंगलाचे पट्टे, जांभ्याचे उघडे सडे आणि धुवाधार पाऊस; तेथून ताम्रपर्णीच्या काठाने रणजित देसाईंच्या कोवाडकडे निघाले की थोड्याच अंतरात पाऊस झपाट्याने उतरतो आणि जंगलाची जागा काजू, भात, नाचणी, रताळी व ऊस घेतात. एकाच तालुक्यात इतकी विविधता असणे भूगोलाच्या अभ्यासकास आनंददायक वाटते. कार्बनचा हिशेब मांडणाऱ्यास मात्र ती अडचणीची ठरते. असा तालुका वर्षभरात हवेतून जितका कार्बन घेतो त्याहून अधिक परत सोडतो की कमी, हा प्रश्न ऐकण्यास सोपा आहे. त्याचे उत्तर काढण्याच्या रीती गेल्या काही वर्षांत बदलत आहेत, आणि या बदलाचा परिणाम केवळ संशोधन-नियतकालिकांपुरता राहणारा नाही. एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, असा बाजाराचा हिशेब आहे. भारतात २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना व ग्रीन क्रेडिट कार्यक्रम अधिसूचित झाले. शेतातील झाडांनी वा मातीने किती कार्बन साठवला हे प्रत्येक बांधावर मोजणे परवडणारे नसल्यामुळे तो आकडा पुष्कळदा प्रतिमानातून काढला जातो. प्रतिमान चुकले तर चुकीची किंमत ज्याची जमीन आहे तो मोजतो.

प्रस्तुत लेखात या प्रतिमानांच्या दोन परंपरांचा परिचय करून दिला आहे. एक भौतिक नियमांवर उभी असलेली, तर दुसरी नोंदींवरून शिकणारी. दोहोंचा मेळ घालण्याची आवश्यकता मोसमी हवामानाच्या प्रदेशात अधिक तीव्रतेने का जाणवते, हे चंदगडसारख्या भूभागाच्या आधारे पाहावयाचे आहे.

दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी

चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ येथे हवेतील कार्बन डायऑक्साइड नियमितपणे मोजण्यास प्रारंभ केला, तेव्हा त्याचे प्रमाण दर दशलक्ष भागांत सुमारे ३१५ होते. २०२४ ची वार्षिक सरासरी ४२४ च्या पुढे गेली. मात्र मानवाने सोडलेला सर्वच कार्बन हवेत राहिलेला नाही. २०१४ ते २०२३ या दशकात जीवाश्म इंधनांतून वर्षाला सरासरी ९.७ अब्ज टन व जमीनवापरातील बदलांतून सुमारे १.१ अब्ज टन कार्बन बाहेर पडला. त्यांपैकी साधारण निम्मा हवेत उरला, सुमारे २.९ अब्ज टन समुद्राने आणि ३.२ अब्ज टन जमिनीवरील वनस्पती व मातीने घेतला.

हा ३.२ अब्जांचा आकडा समजून घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. जगातील वनस्पती प्रकाशसंश्लेषणाद्वारे वर्षाला १२० अब्ज टनांच्या आसपास, काही अंदाजांनुसार त्याहूनही अधिक, कार्बन आत घेतात. वनस्पतींचे स्वतःचे श्वसन, मातीतील सूक्ष्मजीवांचे श्वसन आणि वणवे यांमुळे जवळजवळ तितकाच परत जातो. आपल्या हाती येते ती या दोन प्रचंड संख्यांची वजाबाकी. एका बाजूच्या मोजमापात दोन-तीन टक्क्यांची चूक झाली आणि दुसऱ्या बाजूस तिची भरपाई झाली नाही, तर जमिनीने घेतलेला सगळा कार्बन कागदावरून नाहीसा होतो. वाण्याच्या दुकानात दिवसभराची उलाढाल मोठी आणि नफा चार पैशांचा असतो. तेथे तागडी थोडी जरी डावी-उजवीकडे झुकत असली तरी नफा झाला की तोटा हे सांगता येत नाही. कार्बन चक्राच्या अभ्यासकाची स्थिती काहीशी तशीच असते.

दक्षिण आशियाच्या बाबतीत ही अडचण आकड्यांत दिसते. जपानमधील सागर व भू-विज्ञान संस्थेत कार्यरत असलेले प्रबीर पात्रा आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये या प्रदेशाचे कार्बन अंदाजपत्रक प्रसिद्ध केले. जमिनीवरील नोंदी व परिसंस्थांची प्रतिमाने यांच्या आधारे २००० ते २००९ या काळात येथील जीवावरणाने वर्षाला १९.१ कोटी टन कार्बन घेतल्याचा अंदाज निघाला. अनिश्चितता होती १९.३ कोटी टनांची. हवेतील प्रमाणावरून उलट गणित करून २००७-०८ साठी काढलेला आकडा १०.४ कोटी टन होता आणि त्याची अनिश्चितता १५ कोटी टन. दोन्ही रीतींनी हा प्रदेश कार्बन घेणारा असल्याचे सुचते, परंतु प्रत्येक आकड्याच्या पोटात शून्याचाही समावेश आहे. खंडप्राय प्रदेशाची ही अवस्था असेल तर एका तालुक्याविषयी छातीठोकपणे दिलेला आकडा कोणत्या आधारावर उभा आहे, हे विचारणे अगत्याचे ठरते.

हवा कोठून आली?

चंदगडच्या दक्षिणेस, सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर, गोव्याच्या काणकोण तालुक्यात काब द राम हा समुद्रात शिरलेला कडा आहे. किल्ल्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या ठिकाणी १९९३ पासून काचेच्या बाटल्यांत हवेचे नमुने घेतले जात व ते ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेत तपासले जात. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील एस. के. भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी, तसेच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील योगेश तिवारी आणि सहकाऱ्यांनी या नोंदींचा अभ्यास केला. पुण्याच्या याच संस्थेने २००९ पासून सिंहगडावरही असे नमुने घेण्यास सुरुवात केली.

या नोंदी मोलाच्या आहेतच. परंतु त्या वाचताना वाऱ्याची दिशा विसरून चालत नाही. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून येतो, तेव्हा काब द रामच्या बाटलीत दख्खनच्या जमिनीवरून वाहत आलेली हवा भरली जाते. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि बाटलीत अरबी समुद्रावरची स्वच्छ हवा उतरते. म्हणजे पश्चिम घाटातील झाडे, भात आणि गवत ज्या काळात सर्वाधिक कामात असतात, नेमक्या त्याच काळात किनाऱ्यावरचे केंद्र त्यांच्याकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करते. सिंहगड अंतर्भागात असल्याने पावसाळी वारा तेथे कोकणपट्टी ओलांडून पोचतो. त्यामुळे दोन्ही ठिकाणच्या नोंदी एकत्र वाचल्या तर त्यांच्यातील फरक बोलू लागतो. तरीही एका बाटलीतील हवेत शेकडो किलोमीटरच्या प्रवासाची सरमिसळ असते. तीतून चंदगडचा वाटा वेगळा काढणे म्हणजे पंगतीतल्या आमटीवरून प्रत्येक शेतातल्या तुरीची प्रत ठरवण्यासारखे आहे.

एखाद्या ठिकाणचाच श्वास मोजावयाचा असेल तर मनोरा लागतो. झाडांच्या शेंड्यांहून उंच अशा मनोऱ्यावरील उपकरणे हवेच्या उभ्या हालचालीचा वेग आणि तिच्यातील कार्बन डायऑक्साइड सेकंदाला दहा-वीस वेळा टिपतात. वर जाणाऱ्या झुळकीत कार्बन कमी व खाली येणाऱ्या झुळकीत अधिक असेल तर परिसंस्था कार्बन घेत आहे, हे त्यामागील तत्त्व. पुण्याच्या संस्थेने मेटफ्लक्स इंडिया प्रकल्पाद्वारे देशात असे मनोरे उभारले. आसाममधील काझीरंगाचा मनोरा त्यांपैकी एक. तेथील अभ्यासांत पावसाळी ढगांमुळे प्रकाश घटून प्रकाशसंश्लेषणावर मर्यादा पडते असे दिसून आले. पावसाळा म्हणजे हिरवळ आणि हिरवळ म्हणजे कार्बनची बचत, या सोप्या समीकरणास त्यामुळे छेद जातो.

मनोऱ्यांच्याही अडचणी आहेत. मुसळधार पावसात उपकरणांच्या काचेवर पाणी साचून नोंदी वाया जातात. डोंगराळ भागात शांत रात्री मातीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड थंड हवेबरोबर उताराने दरीत वाहून जातो आणि वरच्या उपकरणास त्याचा पत्ता लागत नाही. शिवाय मनोरा मोजतो ती केवळ वजाबाकी. प्रकाशसंश्लेषण किती व श्वसन किती हे तो सांगत नाही. जगभरच्या मनोऱ्यांच्या नोंदी एकत्र करून २०१५ चा जो मोठा संच तयार झाला त्यात २१२ ठिकाणे आहेत, पण त्यांचा भर युरोप व उत्तर अमेरिकेवर आहे. मोसमी उष्ण प्रदेशांचा वाटा फार थोडा. यंत्र ज्या शाळेत शिकते तेथील बाके कोणी भरली आहेत, हा पुढील सर्व विवेचनातील कळीचा मुद्दा आहे.

भौतिकी काय सांगते आणि कोठे थांबते

पहिल्या परंपरेचे प्रतिमान नियमांपासून निघते. पानाच्या आत कार्बन कसा बांधला जातो याचे गणित ग्रॅहॅम फार्कर, सुझान फॉन केमरर व जोसेफ बेरी यांनी १९८० मध्ये मांडले आणि आजही बहुतेक मोठी प्रतिमाने त्याचाच आधार घेतात. त्याला पाण्याचे संतुलन, उष्णतेचे संतुलन आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वस्तुमानाची अक्षय्यता यांची जोड दिली जाते. पालापाचोळ्यातून मातीत आलेला कार्बन वजा श्वसनाने गेलेला कार्बन म्हणजे साठ्यातील बदल; हे समीकरण चंदगडलाही लागू आहे आणि फिनलंडलाही.

अक्षय्यतेच्या नियमास अपवाद नसला तरी श्वसनाचा वेग कशावर किती अवलंबून असतो याला असा सर्वमान्य नियम नाही. तापमान दहा अंशांनी वाढल्यास श्वसन किती पट होते या गुणोत्तरास क्यू-टेन म्हणतात. अनेक प्रतिमानांत ते दोन धरले जाई. मिगेल माहेचा व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये निरनिराळ्या परिसंस्थांच्या नोंदी तपासून ते १.४ च्या जवळ असल्याचे दाखविले. हा फरक किरकोळ नाही. समजा, २२ अंश तापमानाला श्वसन तीन एकके मोजले गेले. गुणोत्तर १.४ असल्यास ३२ अंशांना ते ४.२ होईल, दोन असल्यास सहा. तापत्या जगात माती किती कार्बन परत करील याचा अंदाज या एका अंकावर हेलकावे खातो.

ओलाव्याची गोष्ट त्याहून अवघड. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतील मातीवर काम करताना १९५८ मध्ये दाखवून दिले की, कोरडी ठणठणीत माती एकदम भिजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइडचा मोठा लोट निघतो. उन्हाळ्यात मेलेले सूक्ष्मजीव, मातीच्या ढेकळांत अडकून पडलेले सेंद्रिय द्रव्य हे सारे पहिल्या पाण्याबरोबर जिवंत सूक्ष्मजीवांच्या तावडीत सापडते. वळवाच्या सरीनंतर दरवळणारा मातीचा गंध कवींनी पुष्कळ गायिला. त्याच घटकेला माती जोराने श्वास सोडत असते, हे शेतकऱ्याला आणि कवीला दिसण्याचे कारण नाही. उलट आषाढात शिवार पाण्याने तुडुंब झाले की मातीच्या छिद्रांतून प्राणवायू जाईनासा होतो आणि हेच श्वसन मंदावते. भातखाचरात तर कार्बनचा काही भाग मिथेनच्या रूपाने बाहेर पडू लागतो. कोरड्याने कमी, ओल्याने जास्त, अतिओल्याने पुन्हा कमी, असा हा वक्र आहे. त्याचा नेमका आकार जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत कसा असेल हे पाठ्यपुस्तकातील समीकरणावरून कळत नाही. प्रतिमानकार तेथे एखादे सोयीचे सूत्र बसवितो आणि पुढे जातो. भौतिकीच्या नावाने चालणाऱ्या प्रतिमानांतही अशी ठिगळे बरीच असतात, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

यंत्र काय शिकते

दुसरी परंपरा म्हणते, सूत्र गृहीत धरूच नका. तापमान, पाऊस, सूर्यप्रकाश, उपग्रहाने टिपलेली हिरवळ ही माहिती एका बाजूस आणि मनोऱ्यावर मोजलेला कार्बनचा प्रवाह दुसऱ्या बाजूस ठेवून त्यांतील नाते न्यूरल नेटवर्क वा तत्सम पद्धतीला शोधू द्या. जर्मनीतील येना येथील माक्स प्लांक संस्थेचा मोठा सहभाग असलेल्या फ्लक्सकॉम प्रकल्पात याच रीतीने मनोऱ्यांच्या नोंदींवरून सगळ्या जगाचे नकाशे तयार झाले. त्यांतील हवामानाच्या माहितीवर आधारलेल्या नकाशाचा चौकोन अर्ध्या अंशाचा, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटरचा आहे. अशा एका चौकोनात पारगडचे जंगल, कोवाडचा ऊस, कोकणचा पायथा आणि बेळगावकडचे माळ एकाच सरासरीत विरघळून जातात.

चौकोन लहान केल्याने मूळ दोष जात नाही. चंदगडच्या ऋतुचक्राकडे पाहिले म्हणजे तो दोष लक्षात येतो. येथे वर्षातील सर्वांत तापलेले महिने हेच सर्वांत कोरडे असतात. एप्रिलमध्ये माती तापलेली असते, परंतु ओल नसल्याने श्वसन मंद असते. जुलैत तापमान उतरलेले असते, पण ओलावा मुबलक असल्याने श्वसन जोरात चालते. आता केवळ अशा नोंदी पाहिलेल्या यंत्राने नाते शोधले तर ते काय शिकेल? तापमान वाढले की श्वसन घटते, असे! उपलब्ध नोंदींशी हे उत्तर उत्तम जुळेल, चाचणीतही ते उत्तीर्ण होईल. कारण चाचणीच्या नोंदीही त्याच ऋतुचक्रातून घेतलेल्या असतील. पुढे एखाद्या वर्षी पाऊस पडलेला आणि तापमानही चढलेले असा योग आला, की हेच यंत्र श्वसन कमी झाल्याचे सांगेल. प्रत्यक्षात माती त्या वेळी नेहमीहून अधिक कार्बन सोडीत असेल. तापत्या हवामानात असे योग वाढण्याचीच शक्यता असल्याने, जेथे भाकिताची सर्वाधिक गरज तेथेच ते उलटे निघते.

संख्याशास्त्राच्या अध्यापकांना यात नवीन काही नाही. दोन कारणे नेहमी बरोबर येत असतील तर त्यांचे परिणाम वेगळे करता येत नाहीत, हा जुना धडा आहे. मशीन लर्निंगच्या झगमगाटात तो विसरला जातो एवढेच. चाचणीच्या रीतीतही असाच एक सापळा आहे. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या हजारो नोंदींतून काही चिठ्ठ्या टाकून बाजूला काढल्या आणि त्यांवर यंत्र तपासले, तर दहाची नोंद शिकलेल्या यंत्राला साडेदहाची नोंद विचारल्यासारखे होते. संपूर्ण ठिकाण वा संपूर्ण वर्ष शिकवण्यातून वगळून मगच परीक्षा घ्यावी लागते. अशा परीक्षेत मिळणारे गुण कमी असतात; पण मनोरा नसलेल्या तालुक्यासाठी तेच गुण खरे.

दोहोंचा मेळ

मार्कुस राइखश्टाइन व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलेल्या लेखात या दोन परंपरांना एकमेकींच्या पर्याय न मानता पूरक मानावे, अशी मांडणी केली. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात विपिन कुमार व त्यांचे सहकारी ज्ञानमार्गदर्शित मशीन लर्निंग या नावाने त्याच दिशेने काम करीत आले आहेत. या मेळाचे मर्म असे : जे निश्चितपणे ज्ञात आहे ते प्रतिमानाच्या रचनेतच बांधून टाकावे आणि जे अज्ञात आहे तेवढेच यंत्राकडे सोपवावे.

मनोऱ्याच्या वजाबाकीचे उदाहरण घेऊ. जियानलुका ट्रामोंताना व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये तीमधून प्रकाशसंश्लेषण व श्वसन वेगळे काढण्यासाठी न्यूरल नेटवर्कची जी रचना केली तीत प्रकाशसंश्लेषण हे सूर्यप्रकाश आणि प्रकाशवापराची कार्यक्षमता यांच्या गुणाकाराने मिळते. कार्यक्षमता किती हे नेटवर्क शिकते. मात्र प्रकाश शून्य झाला की गुणाकारही शून्य होतो. रात्री झाडे कार्बन बांधत नाहीत हे यंत्राला लाखो नोंदींतून शोधावे लागत नाही, तसेच ते विसरण्याची मुभाही त्याला राहत नाही. श्वसनासाठी दुसरे स्वतंत्र नेटवर्क असते आणि दोहोंची वजाबाकी मोजलेल्या प्रवाहाशी ताडली जाते.

हीच युक्ती चंदगडच्या उलट्या भाकितावर लावता येते. श्वसन म्हणजे मूळ वेग, तापमानाचा गुणक आणि ओलाव्याचा गुणक यांचा गुणाकार असे रचनेतच लिहून ठेवावे. तापमानाचा गुणक तापमानाबरोबर वाढताच राहील, हे जीवरसायनशास्त्राने येथील तापमानाच्या मर्यादेत दिलेले बंधन. ओलाव्याच्या वक्राविषयी आपणास खात्री नाही, म्हणून तो नेटवर्कने शिकावा; परंतु तो शून्याखाली जाणार नाही एवढी अट असावी. आता उन्हाळ्यातील मंद श्वसनाचे खापर यंत्राला उष्णतेवर फोडता येत नाही. ते कोरडेपणावरच टाकावे लागते. त्यावर कार्बनच्या साठ्याचे समीकरण ठेवले की आणखी एक लगाम बसतो : मातीत जितका आला आणि जितका होता त्याहून अधिक कार्बन कोणत्याही वर्षी बाहेर पडू शकत नाही.

मिनेसोटाच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील मका-सोयाबीनच्या शेतांसाठी याहून वेगळी वाट धरली आहे. तेथे आधी प्रक्रियांवर आधारलेले प्रतिमान चालवून कृत्रिम नोंदींचा मोठा साठा केला, त्यावर नेटवर्कची प्राथमिक शिकवणी झाली, आणि नंतर मनोऱ्यांच्या मोजक्या खऱ्या नोंदींवर त्याला घासूनपुसून घेतले. नोंदी थोड्या असलेल्या प्रदेशांसाठी ही कल्पना आकर्षक आहे. परंतु तिची दुसरी बाजूही आहे. प्राथमिक शिकवणी देणारे प्रतिमान मक्याच्या शेतातले असेल तर शिष्याच्या मनात भातखाचर, जांभा आणि चार महिन्यांची झड या गोष्टी कोठून येणार? गुरूचे गैरसमजही शिष्याकडे वारशाने जातात.

मेळ घातला म्हणजे सर्व सुटले, असेही नाही. वर दिलेल्या आकड्यांकडे पुन्हा पाहावे. २२ अंशांना मोजलेली तीन एकके दोन तऱ्हांनी मिळू शकतात : १२ अंशांचा मूळ वेग २.१४ व गुणोत्तर १.४, किंवा मूळ वेग १.५ व गुणोत्तर दोन. पावसाळ्यात दिवस-रात्रीचे तापमान फारसे हलत नाही. त्या काळातील नोंदींचा ढीग कितीही मोठा असला तरी या दोन जोड्यांतील खरी कोणती हे त्यातून निघणार नाही. यंत्र कोणतीही एक जोडी निवडील आणि नोंदींशी तितकेच चांगले जुळेल. जी माहिती नोंदींत मुळात नाहीच ती भौतिकी वा यंत्र कोणीही निर्माण करू शकत नाही. अशा वेळी प्रामाणिक प्रतिमानाने एक आकडा न देता दोन्ही शक्यता व त्यांच्यातील अंतर सांगावे.

ढगाआडचे चार महिने, आणि गाडीतून गेलेला कार्बन

उपग्रहांकडून मोठी अपेक्षा केली जाते. टेरा व अ‍ॅक्वा या उपग्रहांवरील मोडिस उपकरणांनी अनुक्रमे १९९९ व २००२ पासूनच्या उड्डाणांनंतर पृथ्वीच्या हिरवळीची अखंड मालिका दिली. २०१४ मध्ये गेलेला ओसीओ-२ हवेच्या स्तंभातील कार्बन डायऑक्साइड मोजतो. परंतु ही सारी उपकरणे ढगाखाली आंधळी असतात. पश्चिम घाटावर जून ते सप्टेंबर या काळात स्वच्छ आकाशाचे दिवस किती मिळतात हे चंदगडकरांना सांगावयास नको. नकाशात त्या महिन्यांसाठी दिसणारे रंग पुष्कळदा अलीकडच्या-पलीकडच्या तारखांवरून भरलेले असतात. रडारला ढगांची बाधा होत नाही. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून गेलेला निसार हा भारत-अमेरिकेचा संयुक्त उपग्रह झाडोऱ्याची रचना व मातीचा ओलावा यांविषयी माहिती देऊ शकतो. घाटमाथ्यासाठी त्याचे महत्त्व म्हणून अधिक.

ढगांमुळे आणखी एक गुंतागुंत होते. १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकाने वातावरणात सूक्ष्मकण पसरले, तेव्हा थेट ऊन कमी होऊनही विखुरलेला प्रकाश वाढला आणि अमेरिकेतील हार्वर्ड अरण्यात निरभ्र दुपारचे प्रकाशसंश्लेषण वाढले, असे लियानहाँग गू व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखविले. विखुरलेला प्रकाश खालच्या पानांपर्यंत पोचतो. म्हणजे पातळ ढग झाडांना उपकारक, दाट ढग अपायकारक. या दोहोंमधील सीमा कोठे, हे जंगलाच्या दाटीवर अवलंबून. विनू वलसाला, योगेश तिवारी आदींनी २०१३ मध्ये पावसाच्या जोरदार फेऱ्या व उघडीप यांच्याबरोबर भारतातील जीवावरणाचा कार्बन-प्रवाह कसा झुलतो याचा अभ्यास केला, तो याच कारणाने महत्त्वाचा ठरतो. ओढ दिलेल्या पावसात शेतकरी हवालदिल होतो, पण त्याच उघडिपीत ऊन मिळून, ओल टिकून असेतो, डोंगरावरचे जंगल भराभर कार्बन बांधीत असू शकते.

प्रतिमानाची सीमा कोठे आखावी हा प्रश्नही तितकाच निर्णायक आहे. उसाच्या फडात मनोरा उभा केला तर ते शेत कार्बन घेण्यात जंगलालाही मागे टाकताना दिसेल. पण हंगामात तोच ऊस गाड्यांत भरून कारखान्यात जातो. बगॅस बॉयलरमध्ये जळते, साखर खाणाऱ्याच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड होते. मनोऱ्याने जमा दाखविले, खर्च मात्र दुसऱ्या गावाच्या हवेत पडला. याउलट काजूच्या बागेत खोड, मुळे व पालापाचोळा यांत वर्षानुवर्षे काही साठत राहते. मात्र बाग लावण्यापूर्वी तेथे जुने जंगल असेल तर त्याच्या तोडीने गेलेला कार्बन आधी वजा केला पाहिजे. पहिल्या सरींबरोबर ताम्रपर्णी व घटप्रभेचे पाणी लाल होते, त्या लाल मातीतही कार्बन असतो; तो कृष्णेच्या खोऱ्यात कोठेतरी गाळाखाली पुरला जातो किंवा वाटेत हवेत जातो. क्रेडिट विकत घेणाऱ्याच्या तक्त्यात या रकान्यांपैकी किती असतात हे पाहिल्याशिवाय एकरी इतके टन असा आकडा स्वीकारू नये.

कोणती नोंद अधिक मोलाची?

मेळ घातलेल्या प्रतिमानाचा एक दुर्लक्षित लाभ असा की, आपले अज्ञान नेमके कोठे आहे हे ते दाखवून देते. चंदगडच्या उदाहरणात मूळ वेग व क्यू-टेन यांची गाठ पावसाळ्यात सुटत नाही. ती सुटण्यासाठी तापमान व ओलावा यांची फारकत होते असे क्षण हवेत : मे महिन्यातील वळवाचा पहिला दिवस, जेव्हा माती तापलेली व ओली दोन्ही असते, आणि ऑक्टोबरमधील तप्त दुपारी, जेव्हा वरचा थर सुकत असला तरी खाली ओल टिकून असते. अशा दिवसांच्या वीस नोंदी डिसेंबर-जानेवारीच्या वीस हजार नोंदींहून प्रतिमानाला अधिक शिकवितात.

या नोंदींसाठी मनोराच लागतो असे नाही. मातीचे श्वसन मोजण्याची अल्कली शोषणाची जुनी पद्धत महाविद्यालयीन रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहज करता येते. तळ नसलेला पत्र्याचा डबा मातीत थोडा रुतवून त्यात सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची वाटी तिवईवर ठेवतात व वरून झाकतात. चोवीस तासांनी बेरियम क्लोराइड घालून कार्बोनेट खाली बसवितात आणि उरलेल्या अल्कलीचे फिनॉल्फ्थलीन दर्शक वापरून हायड्रोक्लोरिक आम्लाने अनुमापन करतात. हवाबंद डब्यात मातीवाचून ठेवलेल्या वाटीशी तुलना केली असता, १ नॉर्मल आम्लाच्या प्रत्येक मिलीलीटर फरकामागे ६ मिलिग्रॅम कार्बन येतो. डब्याचे तोंड ३०० चौरस सेंटीमीटर असेल आणि फरक ५ मिलीलीटर आला, तर माती त्या दिवशी चौरस मीटरला १ ग्रॅम कार्बन सोडीत होती. श्वसन फार जोरात असताना ही पद्धत कमी आकडा दाखविते, म्हणून वळवाच्या दिवशी वाटी मोठी व अल्कली अधिक घ्यावी लागते. सोबत दहा सेंटीमीटर खोलीवरील तापमान, आणि भट्टीत वाळवून काढलेला मातीचा ओलावा, एवढे टिपले की प्रतिमानाला हवे ते तिन्ही अंक मिळतात. वाटी जंगलात एक, काजूखाली एक, भाताच्या बांधावर एक अशी ठेवावयाची. आणि ती वळीव पडण्याच्या आदल्या दिवशी जागेवर असावयास हवी, पडून गेल्यावर नव्हे.